पान त्रेसष्ट

परभणीत स्टेशनरोडला, सरकीच्या गोदामामागं
आमचा छापखाना. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं,
उरसाची नि जत्रेची हँडबिलं.
बाप माझा कातिब, बोरूनं उर्दू लिहायचा.
मी खिळे जुळवायला बसलो, मराठी, उलटी,
आणि तेवढीच मला आयुष्यभर सरळ वाचता आली.

सारंगधर मास्तर आले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.
काखेत तीन वह्या, पायात लष्करी बूट,
एकाला नाडी, दुसऱ्याला सुतळी.
कशावर आहे पुस्तक? मालकांनी विचारलं.
लढाईवर.
विकायचंय?
नाही. छापायचंय.

लढाईआधी हा माणूस पांचाळेश्वराला
गोदेच्या काठी पोथ्या उकलत बसायचा.
जुन्या महानुभावांनी धर्म झाकून ठेवलेला अक्षरांच्या आड,
एकाच्या जागी दुसरं, दुसऱ्याच्या जागी तिसरं,
आणि किल्ली गुरूच्या तोंडात.
मास्तर म्हणे झोपेत बरळायचे तेही सकळ लिपीत.
औरंगाबादेला भरतीच्या साहेबानं विचारलं, काय येतं?
लपवलेलं वाचता येतं.
साहेब हसला नाही. नाव लिहून घेतलं.

मग ब्रह्मदेश. चिंदविनचा काठ, ताडपत्रीखाली कंदील.
दुसऱ्या वहीत लिहिलंय, मी जुळवलंय म्हणून पाठ आहे:
तार उकलली. पूल उजाडायच्या आत उडवायचा.
आपले खेचरवाले पलीकडे होते, सकाळी येणार होते.
मी दोनदा तपासली,
कुठं चूक सापडावी म्हणून.
नव्हती.

आणि त्याखाली एक ओळ.
अक्षरं सगळी ओळखीची, शब्द एकही नाही.
सात तुकडे.
मी जुळवली जशीच्या तशी. मग वाटलं,
हात थरथरला असेल, हिवतापात लिहिलं असेल.
गावाच्या पत्रिकांतले ऱ्हस्व-दीर्घ मीच सुधारायचो,
त्याचा थोडा माजही होता.
ओळ सोडवली, खिळे आपापल्या खणात टाकले
आणि तेवढ्याच मापात मनानं घातलं:
रात्रभर पाऊस थांबला नाही.

प्रूफ बघायला मास्तर आले नाहीत,
डोळ्याचं ऑपरेशन होतं जालन्याला.
आले ते थेट बांधणी झाल्यावर, हिरवा चष्मा लावून.
पानं उलटत गेले. त्रेसष्टावर बोट थांबलं,
इतका वेळ, की समोरच्या चहावर साय धरली.
हे कुणी लिहिलं?
मी. चुकलं होतं ना ते?
ते बाहेर सरकीच्या ढिगाकडं बघत राहिले.
पाऊस होता, म्हणाले. तेवढं खरंय, रुक्नोद्दीन.
नावं होती ती. उघडी लिहायचा धीर नव्हता.

मी म्हटलं, पान फाडतो, पुन्हा छापतो, माझ्या पैशानं.
नको. कागद महाग झालाय.
मग सांगा तरी मला.
मास्तरांनी बुटाची सुतळी सोडली, पुन्हा बांधली.
माझ्यापाशी आहेत, म्हणाले. राहू दे.

वह्या आम्ही शाई पुसायला वापरल्या होत्या.
तीच रीत होती छापखान्याची.

मास्तर गेले. मालक गेले. ऑफसेट आलं,
खिळे भंगारात निघाले, किलोच्या भावानं.
शिसं घेणारा म्हणाला, बॅटरीवाले नेतात,
पूर्वी गोळ्यांनाही लागायचं.
मी मान हलवली, पैसे मोजून घेतले.

आता रात्री लाईट गेली की
उजवा हात गोधडीवर चालतो आपला आपण.
वरचा खण, डावीकडं तिसरा, मग खाली, मग काना.
एकदा जुळवलेली ओळ बोटं विसरत नाहीत.
सातही तुकडे येतात बिनचूक.
मला वाचता येत नाहीत.
सून विचारते, अब्बा, काय शोधताय अंधारात?
मी म्हणतो, काही नाही,
पाऊस थांबला का बघ.